मोठ्या मॅट्रिक्समध्ये अटीत बसणारे घटक झटपट कसे मोजायचे? (पायथन, नमपाय)

प्रश्न
तापमानाच्या ग्रिडचा १०,००० × १०,००० फ्लोट६४ (८ बाइटचे दशांश आकडे) ॲरे 'ए' आहे, नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतला. ४० पेक्षा जास्त किती, एवढंच हवंय. लूपमध्ये लूप फार हळू चालतो. सम(ए > ४०) केलं तर एका आकड्याऐवजी १०,००० आकडे येतात.

उत्तर १
ते आकडे म्हणजे प्रत्येक स्तंभाची मोजणी. पायथनचा सम एकेक ओळ घेऊन मागच्या बेरजेत मिळवत जातो. त्याऐवजी (एनपी म्हणजे नमपाय):

एनपी.काउंट_नॉनझिरो(ए > ४०)

ओळवार हवं असेल तर ॲक्सिस=१ द्या. लेन(ए[ए > ४०]) नको, कारण त्यात जुळणाऱ्या सगळ्या किमतींची उगाच नक्कल होते. दोन अटी असतील तर (ए > ३५) & (ए < ४०) असे कंस हवेतच, कारण & आधी लागू होतं. & च्या जागी अँड लिहिलंत तर व्हॅल्यूएरर येईल.

उत्तर २
मेमरीकडेही बघा. ॲरे ८०० एमबीचा आहे, त्यावर ए > ४० चा मास्क (खरं-खोटं किमतींचा ॲरे) घटकामागे १ बाइट, म्हणजे आणखी १०० एमबी. रॅम कमी पडत असेल तर ५०० ओळींचे तुकडे पाडून मोजा, मास्क ५ एमबीत बसतो. नंबाच्या (पायथनचा कोड कंपाइल करून वेगवान करणारी लायब्ररी) एनजिटने लूप लिहिला तर मास्क लागतच नाही. मात्र आतला लूप स्तंभांवरच फिरवा. नमपाय ओळीमागून ओळ साठवतो, त्यामुळे लूप उलटे झाले तर प्रत्येक घटकाला ८०,००० बाइटची उडी पडते आणि कॅशचा (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) काही उपयोग होत नाही. फंक्शनच्या पहिल्या कॉलमध्ये कंपाइलचा वेळ जातो, वेग मोजताना तो धरू नका.

प्रश्नकर्ता
थ्रेशोल्ड (४० सारखी मर्यादा) एकच नाही. ३० ते ४५, दर ०.०१ अंशाला मोजायचंय. काही पेशी नॅन (आकडाच नसलेल्या) आहेत.

उत्तर ३
मग १,५०१ वेळा अख्खा ॲरे वाचण्यापेक्षा एकदाच सॉर्ट करा:

एस = ए[~एनपी.आयएसनॅन(ए)]
एस.सॉर्ट()
टी = एनपी.लिनस्पेस(३०, ४५, १५०१)
मोजणी = एस.साइझ - एनपी.सर्चसॉर्टेड(एस, टी, साइड='राइट')

एका थ्रेशोल्डला सुमारे २७ तुलना पुरतात. 'राइट'मुळे नेमके ४० असलेले घटक वगळले जातात. तेही हवे असतील तर 'लेफ्ट'. कोडची पहिली ओळ (नॅन काढणारी) गाळू नका. थेट तुलनेत नॅन > ४० नेहमी खोटं ठरतं, पण सॉर्टमध्ये नॅन शेवटी जाऊन बसतात आणि प्रत्येक थ्रेशोल्डला 'जास्त' म्हणून मोजले जातात. एस ही जवळपास ८०० एमबीची नक्कल आहे, तेवढी जागा ठेवा. दहा-बाराच थ्रेशोल्ड असतील तर सॉर्टच्या भानगडीत पडू नका, काउंट_नॉनझिरोच बरं.