सूर्यासारख्या ताऱ्याच्या दूरच्या मिनी-नेपच्यूनसाठी वेब दुर्बिणीचा वेळ द्यावा का?

शाहूपुरीकर

आपल्या कोल्हापूरच्या आकाशनिरीक्षकांच्या गेल्या बैठकीत असे मत मांडले गेले, की जेम्स वेब दुर्बिणीने आपला वेळ लाल बटू ताऱ्यांच्या, म्हणजे सूर्याहून लहान, थंड आणि मंद ताऱ्यांच्या, ग्रहांनाच द्यावा. केप्लर-22बी सारख्या ग्रहांची नुसती नोंद असली तरी पुरे. मला हे मान्य नाही, म्हणून हा धागा.

केप्लर-22बी हंस तारकासमूहात, सहाशेहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचा शोध डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झाला. त्याचा तारा सूर्याच्याच जातीचा, किंचित लहान आहे. ग्रहाचे वर्ष सुमारे 290 दिवसांचे असून त्रिज्या पृथ्वीच्या दुपटीहून थोडी अधिक आहे. पृथ्वीहून मोठे आणि नेपच्यूनहून लहान असे ग्रह (त्यांतील वायूचे जाड आवरण असलेले ते मिनी-नेपच्यून) इतर ताऱ्यांभोवती विपुल सापडतात, आपल्या सूर्यमालेत मात्र तसा एकही नाही, आणि हे कोडे मला जीवसृष्टीच्या प्रश्नाइतकेच मोठे वाटते. 2017 मध्ये असेही दिसून आले, की ताऱ्याच्या जवळून फिरणाऱ्या ग्रहांत पृथ्वीच्या दीड ते दोन पट त्रिज्येचे ग्रह फार कमी आहेत. ताऱ्याच्या प्रारणाने किंवा ग्रहाच्या स्वतःच्या गाभ्यातील उष्णतेने हायड्रोजनचे आवरण उडून जाते आणि ग्रह आक्रसतो, ही त्याची दोन प्रमुख स्पष्टीकरणे आहेत. केप्लर-22बीला आपल्या ताऱ्याची झळ पृथ्वीपेक्षा फारशी अधिक लागत नाही, त्यामुळे जन्मापासूनचे आवरण त्याच्यावर टिकून असण्याचा संभव जवळच्या ग्रहांपेक्षा जास्त आहे. या दोन स्पष्टीकरणांची पारख करायची तर असेच ग्रह पाहावे लागतील.

मंगळवारपेठकर

(नाव पेठेवरून घेतले आहे, मंगळाचा मी पक्षपाती नाही.) शाहूपुरीकर, आपला प्रश्न योग्य आहे, परंतु त्याचे उत्तर या ग्रहाकडून मिळणार नाही.

हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश जेमतेम 0.05 टक्के घटतो. ग्रहावर हायड्रोजनचे स्वच्छ, निरभ्र वातावरण आहे असे उदारपणे गृहीत धरले, तरी त्या वातावरणाची खूण ताऱ्याच्या प्रकाशात लाखात दोन-तीन भाग एवढीच उमटेल. ढग असतील तर तीही पुसली जाईल. हे ताऱ्यासमोरून जाणे, म्हणजे अधिक्रमण, साधारण साडेसात तास चालते आणि त्याच्या आधीचा व नंतरचा प्रकाशही मोजावा लागतो, म्हणजे एका खेपेला पंधरा तास सहज गेले. ती खेप हुकली तर पुढची 290 दिवसांनी.

याउलट के2-18बी पाहा. तो 124 प्रकाशवर्षांवर आहे, त्याचा तारा लाल बटू असून त्याची त्रिज्या सूर्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, त्यामुळे तेवढ्याच वातावरणाची खूण तेथे सुमारे पाचपट ठळक उमटते आणि अधिक्रमण दर 33 दिवसांनी होते. म्हणूनच 2023 मध्ये तेथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या खुणा सापडल्याचे जाहीर करता आले. तरीही 2025 च्या एप्रिलमध्ये त्याच ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड (पृथ्वीवर मुख्यतः सागरी जीवांपासून निर्माण होणारे संयुग) असावे असा दावा होताच आकडेवारीवरून वाद सुरू झाला. जेथे खूण पाचपट ठळक आहे तेथे ही अवस्था असेल, तर आपल्या लाडक्या ग्रहाचे काय होणार?

जोतिबाच्या वाटेवर

अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे ठरावीक दिवशी महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, कारण सगळे एका रेषेत येते. अधिक्रमणही तसेच रेषा जुळण्यावर अवलंबून आहे. केप्लर-22बी एवढ्या अंतरावरून फिरणारा ग्रह आपल्या दृष्टिरेषेत येण्याची शक्यता दोनशेत एक आहे. जो आला आहे त्याला केवळ तो दूर आहे म्हणून नाकारू नये, एवढेच म्हणतो.

कळंबेकर

आपण सर्वजण एकाच ग्रहाला का धरून बसला आहात? वृक तारकासमूहातील न्यू-2 ल्युपाय हा सूर्यासारखाच तारा पन्नास प्रकाशवर्षांच्या आत आहे. मे महिन्यात, वळवाने आभाळ धुऊन निघाल्यानंतरच्या रात्री मसाई पठारावरून दक्षिणेकडे पाहिले, तर तो क्षितिजापासून सुमारे 25 अंशांवर येतो आणि द्विनेत्रीतून दिसतो. त्याचा 107 दिवसांचा ग्रह ताऱ्यासमोरून जातो, हे किऑप्स दुर्बिणीला 2021 मध्ये, त्याच ताऱ्याच्या दुसऱ्या दोन ग्रहांचे निरीक्षण करताना, अनपेक्षितपणे कळले. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या अडीच पटींहून किंचित अधिक आणि वस्तुमान नऊ पटींच्या जवळपास, म्हणजे घनताही हाती आहे.

शाहूपुरीकर

कळंबेकर, उदाहरण उत्तम आहे, पण त्या ग्रहाला पृथ्वीच्या पाचपटींहून अधिक उष्णता मिळते आणि तारा इतका तेजस्वी आहे की वेबच्या काही उपकरणांना तो झेपत नाही. मंगळवारपेठकरांचे आकडे मला मान्य आहेत. परंतु लाल बटू ताऱ्यावरील डाग आणि ज्वाला ग्रहाच्या वर्णपटात मिसळतात, तेव्हा ठळक दिसणारी खूण ग्रहाची की ताऱ्याची, हे ठरवण्यातही दुर्बिणीचा वेळ खर्च होतोच. तो खर्च आपण हिशेबात धरलेला नाही. शिवाय केवळ सोपे तेवढेच मोजत गेलो, तर ग्रहांविषयीचे आपले सारे ज्ञान लाल बटू ताऱ्यांपुरते राहील.

मंगळवारपेठकर

डागांचा मुद्दा खरा आहे आणि तो खर्च धरायला हवा. तथापि मूळ अडचण दुर्बिणीच्या आधीची आहे. केप्लर-22बीचे वस्तुमान अजून निश्चित मोजले गेलेले नाही. तारा मंद असल्यामुळे ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या त्याच्या डुगडुगण्यावरून केवळ कमाल मर्यादा सांगता आली आहे. वस्तुमान नाही म्हणून गुरुत्व नाही, आणि गुरुत्व ठाऊक नसताना अस्पष्ट वर्णपट मिळाला तर तो जड वाफेच्या वातावरणामुळे, ढगांमुळे की ग्रहच भारी असल्यामुळे, हे सांगता येणार नाही. म्हणजे आपल्याला ज्या दोन स्पष्टीकरणांची पारख करायची आहे, ती दोन्ही तशीच उभी राहतील. आधी जमिनीवरील मोठ्या दुर्बिणींनी त्याचे वस्तुमान काढावे किंवा प्लेटो दुर्बिणीने असाच ग्रह अधिक तेजस्वी ताऱ्याभोवती शोधून द्यावा. तोपर्यंत वेबचे ते पंधरा तास मी के2-18बीलाच देईन.