मदत हवी आहे : 'नाभीखाली ३ त्सुन' म्हणजे नक्की कुठे?

ह्वांगफू मी यांच्या तिसऱ्या शतकातल्या 'ज्या-यी-जिंग' या चिनी ॲक्युपंक्चर ग्रंथात गुआनयुआन हा सुई टोचण्याचा बिंदू नाभीखाली ३ त्सुनवर (त्सुन हे लांबीचं चिनी माप) दिला आहे. तो आकृतीत दाखवायचा आहे. 'लिंगशू' या त्याहून जुन्या चिनी वैद्यकग्रंथाच्या १४व्या अध्यायात, म्हणजे हाडांच्या मापांच्या अध्यायात, नाभी ते जघनास्थी (ओटीपोटाच्या तळाचं पुढचं हाड) साडेसहा त्सुन आहे. हे अंतर १५ सेंमी धरलं की बिंदू ६.९ सेंमीवर येतो. हान राजवटीच्या काळचा त्सुन साधारण २.३ सेंमीचा, त्यानेही ६.९च. दोन्ही वाटा जुळतात, पण आजच्या तक्त्यांत बिंदू ९ सेंमीजवळ दिसतो. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
या दोन वाटा वेगळ्या नाहीतच. लिंगशूमधली मापं साडेसात छी (१ छी म्हणजे १० त्सुन) उंचीच्या माणसाची आहेत. हान छी २३.१ सेंमी, म्हणजे उंची सुमारे १७३ सेंमी. अशा माणसाचे साडेसहा त्सुन बरोबर १५ सेंमी भरतात. तुम्ही एकच माप दोनदा मोजलंत.

आता ज्या-यी-जिंगमधले बिंदू ओळीने वाचा. शिमेन नाभीखाली २, गुआनयुआन ३, झोंगजी ४ आणि त्याखाली १ त्सुनवर छ्यूगू, जो हाडाच्या वरच्या कडेला आहे. बेरीज ५, साडेसहा नव्हे. १५ भागिले ५ म्हणजे एक त्सुन ३ सेंमी आणि गुआनयुआन ९ सेंमीवर. साडेसहाने भागलंत तर छ्यूगू ११.५ सेंमीवर, हाडापासून साडेतीन सेंमी वर, मऊ पोटावर येतो. ग्रंथ मात्र त्याला हाडावर ठेवतो. मला हा पुरावा पुरेसा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या ॲक्युपंक्चर बिंदूंच्या मानकातही हे अंतर ५ त्सुनच आहे.

प्रतिसाद २
छातीवरही हेच. लिंगशूत दोन स्तनाग्रांमधलं अंतर साडेनऊ, पण ज्या-यी-जिंगमधल्या छातीच्या रांगा मध्यरेषेपासून २ आणि मग आणखी २ त्सुनवर जातात, म्हणून एकूण ८. तेव्हा नियम एकच: ज्या ग्रंथातला बिंदू, त्याच ग्रंथातल्या शेजारच्या बिंदूंवरून त्या भागाचा त्सुन काढा. पोटाचा त्सुन छातीला लावू नका.

पाठीला जास्त जपा. 'कण्याच्या बाजूला दीड त्सुन' हे माप मध्यरेषेपासून की कण्याच्या कडेपासून? १६०१च्या 'झेनज्यू दाचेंग' या ॲक्युपंक्चर ग्रंथात कण्याचा १ त्सुन वेगळा धरून दोन्ही बाजू मिळून ४ त्सुन केले आहेत, म्हणजे मध्यापासून २. आज मध्यापासून दीडच धरतात. आकृतीखाली कोणतं मोजमाप ते लिहा, नाहीतर अर्ध्या त्सुनाचा फरक पडेल.

धागाकर्ता
मग बोटांनी मोजणं कुठे बसतं?

प्रतिसाद १
सातव्या शतकात चिनी वैद्य सुन सिमियाओ चार बोटं जोडून त्यांच्या रुंदीला 'एक फू' म्हणतात, पायांच्या अशक्ततेवर औषधी वनस्पती जाळून डाग देताना. तीन बोटांचाही फू असतो, हेही तेच नोंदवतात, म्हणून 'फू' दिसला की संदर्भ पाहा. चार बोटं म्हणजे ३ त्सुन हे गुडघ्याखाली चालतं. पोटावर नको, कारण पोटाची लांबी बोटांच्या प्रमाणात असेलच असं नाही. बोटं मात्र रुग्णाचीच हवीत. सुश्रुतसंहितेतलं स्वांगुलप्रमाण, म्हणजे ज्याचं त्याच्या बोटांनी मोजणं, आठवा.