मदत हवी आहे: अपंगत्व ३०% आहे, परीक्षेला लेखनिक मिळेल का?

नमस्कार मंडळी,

मी एस.वाय. बी.कॉम.ला आहे. अपघातात उजव्या मनगटाची नस तुटली. ऑपरेशन झालं, पण अंगठा आणि तर्जनीत पेन धरवत नाही. पाऊण पान लिहिलं की अक्षर ओळ सोडून खाली उतरायला लागतं. सिव्हिलच्या बोर्डाने ३०% कायमस्वरूपी अपंगत्वाचा दाखला दिलाय.

लेखनिक आणि जादा वेळेसाठी अर्ज घेऊन परीक्षा विभागात गेलो. क्लार्कनी ३० या आकड्यावर बोट ठेवलं, "चाळीसच्या खाली काही नाही" म्हणाले आणि अर्ज परत केला. इनवर्डही केला नाही, म्हणजे आवक नोंदवहीत नोंदही घेतली नाही. एका सरांनी डाव्या हाताने सराव करायला सांगितलं. तो करतोच आहे, पण सत्र परीक्षा माझ्या डाव्या हातासाठी थांबणार आहे का?

४०% ची अट खरंच आहे का? लेखनिक मीच शोधायचा की कॉलेजने द्यायचा? अकाउंट्सच्या पेपरला रकाने आखून घ्यायचे असतात, ते तोंडी कसं सांगायचं? आणि माझ्या बाजूने मी काय काय करायला हवं, तेही सांगा. फक्त प्रत्येक शिक्षकाला मेडिकलची फाइल दाखवत फिरायची इच्छा नाही.

घाटमाथा
४०% चा आकडा कायद्यात आहे, पण तो दुसऱ्या कामासाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३२ खाली उच्च शिक्षणात किमान ५% राखीव जागा आणि वयात ५ वर्षांची सूट आहे, त्यासाठी ४०% लागतात. जादा वेळ आणि लेखनिक कलम १७ मध्ये येतात, तिथे टक्केवारी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. त्या उमेदवाराची बोटं लिहिताना आखडायची. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४०% पेक्षा कमी अपंगत्व, पण लिहायला अडचण, अशांसाठी सूचना काढल्या. तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

त्या सूचना मुख्यतः स्पर्धा परीक्षांसाठी होत्या आणि २०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या, त्यामुळे कॉलेज फाटे फोडेल. म्हणून अर्जात कलम १७ आणि निकाल दोन्ही लिही, आणि सोबत विद्यापीठाचं लेखनिकाबद्दलचं परिपत्रक मिळवून जोड. टक्क्यांच्या दाखल्याबरोबरच "लिहिण्यास अडचण असल्याने लेखनिक आवश्यक" असा वेगळा दाखला सिव्हिल सर्जनकडून घे. टक्क्यांवरून खरी अडचण कळतच नाही. इनवर्ड करत नसतील तर अर्ज प्राचार्यांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. तरी हलले नाहीत तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

खडूफळा
मी कॉलेजात परीक्षेचं काम बघते. त्या क्लार्कची बाजू घेत नाहीये, अर्ज घ्यायलाच हवा होता. पण आमच्याकडे मुलं पेपरच्या आदल्या संध्याकाळी लेखनिकाला घेऊन उभी राहतात! वेगळी खोली, पर्यवेक्षक, लेखनिकाचं ओळखपत्र, शिक्षणाचा पुरावा, हमीपत्र, हे सगळं रात्रीतून कसं व्हायचं? परीक्षेचा फॉर्म भरतानाच अर्ज कर. लेखनिक तुझ्यापेक्षा एक पायरी खाली शिकलेला हवा. तो ऐनवेळी आजारी पडला तर कोण, तेही लिहून दे. इंटर्नल परीक्षांसाठीही त्याच अर्जात माग, नाहीतर प्रत्येक सरांशी नव्याने वाद.

परवानगी लेखीच घे. २०२१ मध्ये नीटच्या परीक्षेत अवनी प्रकाश या मुलीला हक्काचा जादा तास मिळाला नाही. तिच्यावर अन्याय झाला हे सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, पण फेरपरीक्षा काही दिली नाही.

फाइल कुणाला दाखवायची गरज नाही. दाखला परीक्षा विभागात राहील, शिक्षकांना परवानगीचं पत्र पुरे.

जुना_लेखनिक
अकाउंट्सचं मी सांगतो, एका अंध मित्राचे पेपर लिहिलेत. बारावी कॉमर्सचा मुलगा बघ, सायन्सवाल्याला लेजर (खातेवही) आखताच येत नाही. आधी बसून दोघांनी चार-पाच खाती काढा. "डावी बाजू, टू सेल्स, रक्कम शेवटच्या रकान्यात" असं सांगायची सवय तुला लागली पाहिजे आणि ऐकायची त्याला. बेरीज तू सांगायचीस. चुकलेली दिसली तरी त्याने गप्प बसायचं, नाहीतर कॉपीची केस होते आणि भोगावं तुला लागतं. फार हुशार मुलगा नको, त्याचे ओठ हलतातच.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. अर्ज नव्याने लिहितोय. खडूफळा ताई, लेखनिकाऐवजी कॉम्प्युटरवर टाइप करतो म्हटलं तर?

खडूफळा
माग की. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत कॉम्प्युटरचा पर्याय होता आणि मशीन आदल्या दिवशी तपासूनही बघता यायचं. त्या ४०% वाल्यांसाठी होत्या, पण आधार म्हणून जोड. थिअरीचे पेपर टाइप कर, अकाउंट्सला लेखनिक घे. कुठल्या विषयाला काय हवंय याचा तक्ता अर्जाला जोडून दे.