जुन्या जिप्सीच्या दाराखालचा पत्रा वाचवायचा आहे, घरी गार्ड कसा बसवू?

सड्यावरचा_कलमवाला

गाडी १९९८ ची मारुती जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. आमची बाग लांज्याजवळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. डांबरी सोडली की दीड किलोमीटर नुसता जांभा, आणि मध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, उतरून चढायचा. त्या चढावर एक खडक दरवर्षी पावसात आणखी उघडा पडतो. गेल्या मे महिन्यात हापूसचे क्रेट भरून येत होतो. वजनाने पाटे बसलेले, त्यात चाक घसरलं आणि डावी बाजू खडकावर टेकली. दाराखालचा पत्रा, ज्याला रॉकर पॅनेल म्हणतात तो, तळहात मावेल एवढा आत गेला. आता दार लावताना खालून घासतं.

माझ्या डोक्यात असं आहे: ३ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची ठिपक्यांची चेकर प्लेट आणायची, वाकवून दोन्ही बाजूंना दाराखाली सेल्फ टॅपिंग स्क्रूने बसवायची. ड्रिल, ग्राइंडर आणि २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घरी आहे. गेट आणि मांडवाचं वेल्डिंग केलंय, गाडीवर कधी हात चालवला नाही. पावसाआधी काम उरकायचं आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, हे बरोबर आहे का? गाडी विकायची नाही, त्यामुळे पाच-दहा वर्षं टिकेल असंच करायचं आहे.

पन्हाळ्याचा_पाटा

दादा, प्लेट आणायच्या आधी थांबा. माझ्या २००३ च्या जिप्सीवर मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं. दोन पावसाळ्यांनी प्लेट काढली तर मागे चिखल घट्ट बसलेला, आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकापासून गंज पसरलेला. तो पत्रा आतून पोकळ असतो. तुम्ही पंधरा-वीस भोकं पाडलीत म्हणजे पाण्याला पंधरा-वीस दारं उघडून दिलीत.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. चेकर प्लेट ओरखडे थांबवते, वजन थांबवत नाही. जिप्सीची बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, रबराच्या माउंटवर बसलेली आहे. खडकावर टेकल्यावर भार चासीने घ्यायला हवा, दाराखालच्या पत्र्याने नाही. प्लेट त्या पत्र्यालाच धरून असेल तर खडक प्लेटसकट पत्रा आत ढकलणार. तुमच्या चढासाठी चासीला धरलेला स्लायडर पाहिजे, म्हणजे दाराखालून जाणारा जाड पाइप, ज्यावर गाडी खडकावरून घसरून जाते.

मी केला तो असा. ४० एनबीचा (एनबी म्हणजे पाइपचं नाममात्र माप) सी क्लास काळा पाइप, म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी आणि जाडी ४ मिमी. बी क्लास ३.२ मिमीचा येतो, तुमच्या वापराला मी तो घेणार नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप कितीही स्वस्त मिळाला तरी आणू नका, वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. एका बाजूला १४५० मिमी लांबी आणि पाइप चासीला जोडणारे तीन पाय. पुढचं चाक पूर्ण वळवून, आणि मागचं चाक वर चढलं की टायर कुठे येतो ते बघून लांबी ठरवा. पाइप बॉडीपासून २० मिमी लांब ठेवा, कारण बॉडी आणि चासी खडबडीत रस्त्यावर वेगवेगळ्या हलतात. म्हणूनच स्लायडर दोन्हींना एकदम बोल्ट करायचा नाही, कुठेतरी फाटणारच.

पाय चासीला वेल्ड केले नाहीत. प्रत्येक पायाला ६ मिमीच्या दोन प्लेटा, एक चासीच्या बाहेर, एक आत, आणि चार एम-१० चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, दोन चासीच्या वरून, दोन खालून. चासीला भोक नाही. बाहेरच्या प्लेटच्या खालच्या कडेला ५० मिमीचा अँगल जोडला, तो चासीच्या बुडाखाली येतो. खडकाने पाइप वर ढकलला की तो अँगल चासीला टेकतो आणि प्लेट वर सरकत नाही. हा अँगल विसरू नका, सगळं काम त्याच्यावर आहे. आतली प्लेट लावायच्या आधी ब्रेकची आणि पेट्रोलची नळी हाताने चाचपून बघा. माझ्याकडे एका जागी नळीसाठी प्लेटला खाच पाडावी लागली.

वेंगुर्ल्याचो_टिंकर

वरच्यांनी बरोबर सांगितलं. मी पत्र्याचं काम करतो, म्हणून एवढंच विचारतो: दाराखाली पत्रा शिल्लक आहे का? समुद्राकडच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या गाडीत तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून वर रंग मारलेला असतो. साधं लोहचुंबक घ्या, पातळ फडक्यात गुंडाळून दाराखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जिथे सुटेल तिथे लांबी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो.

आणि खाली पाण्याच्या निचऱ्याची भोकं आहेत, ती शोधा. बहुतेक गाड्यांत ती मातीने नाहीतर अंडरकोटिंगने बुजलेली असतात. पाणी आत साचतं आणि पत्रा आतून बाहेर कुजतो. बाहेरून दिसेपर्यंत अर्धं काम झालेलं असतं.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल: लोखंडाला चिकटून खाऱ्या हवेत राहिलं की आधी अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते, आणि त्या फटीतली ओल लोखंडाचा रंग उचलते. आमच्याकडे हे रोज बघतो.

सड्यावरचा_कलमवाला

चुंबक फिरवलं. डावी बाजू, जिथे मार बसला तिथे, पत्रा चांगला आहे. उजव्या बाजूला मागच्या चाकाजवळ वीतभर जागेत चुंबक धरतच नाही. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला. वडील हयात असताना एकदा रंग काढला होता, तेव्हाच कोणीतरी लांबी भरून दिली असणार. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी पत्राच बदलून घेतला असता, याचं वाईट वाटतं. निचऱ्याची तीन भोकं सापडली, तिन्ही बुजलेली. तार घालून मोकळी केली तर लाल माती ओलीच निघाली, मार्च महिन्यात!

आता प्रश्न असा. हे कुजलेलं आधी करू की स्लायडर बसवून पाऊस निभावू? आणि पाय चासीला थेट वेल्ड केले तर काय बिघडतं? गावातला वेल्डर म्हणतो बोल्ट ढिले होतील.

वेंगुर्ल्याचो_टिंकर

आधी कुजलेलं. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, आत दिसेल तेवढा गंज तारेच्या ब्रशने काढा, १.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कापून बसवा. सलग वेल्ड ओढू नका, पत्रा उष्णतेने आकसतो आणि दाराची फट बदलते. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये हात लागेल इतकं गार होऊ द्या. मांडवाचा हात इथे चालणार नाही, एवढं काम मिग मशीनवाल्याकडून (तारेने वेल्ड करणारं मशीन, पातळ पत्र्याला चालतं) करून घ्या. नंतर आतून पोकळीत मेणाचं अँटीरस्ट फवारा, पण भोकं बुजवू नका.

पन्हाळ्याचा_पाटा

थेट वेल्डबद्दल. वेल्डरचं अगदी चूक नाही, बाहेर पुष्कळ जण वेल्ड करतात. पण चासीचा पत्रा पाइपपेक्षा पातळ, आणि वेल्डच्या कडेला तो कडक होतो. चासीच्या वरच्या-खालच्या कडेवर किंवा बाजूवर वरून खाली उभा टाका मारला तर काही वर्षांनी तिथूनच तडा सुरू होतो. करायचंच असेल तर आधी चासीच्या बाजूला लांबट, गोल कोपऱ्यांची प्लेट, आणि तिच्यावर पाय. बोल्टचं म्हणाल तर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) लावा, ४५ न्यूटन-मीटरला आवळा, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना फिरवा. माझे चार वर्षांत हलले नाहीत. प्लेट आणि चासीच्या मध्ये रबर घालू नका, ते दबत जातं आणि बोल्ट खरंच ढिले होतात.

पाय गाडीवर नुसते टाचून घ्या, मग खाली उतरवून पूर्ण वेल्ड करा. टाचतानाही बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मशीनची अर्थिंगची तार टाक्याच्या अगदी जवळ लावा.

ठाणे_४बाय४

एक भर घालतो. स्लायडर बॉडीच्या रुंदीबाहेर येऊ देऊ नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. ते पुढच्या गार्डबद्दल होतं, तरी तुमची १९९८ ची गाडी दर ५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला जाते. आधी आरटीओत विचारून घ्या. बोल्टचा स्लायडर अर्ध्या तासात उतरतो, हाही त्याचा फायदा.

सड्यावरचा_कलमवाला

काम झालं, म्हणून लिहितो. उजवा पत्रा रत्नागिरीत मिगवर करून घेतला. कापल्यावर आतला गंज लांबीच्या दुप्पट जागेत निघाला. स्लायडर घरीच केले. आधी पुठ्ठ्याचे साचे कापले, मग प्लेटा. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि वेल्ड नुसता वर बसतो, म्हणून सगळे टाके सकाळी सातच्या आत मारले. एका बाजूचं वजन साडेअकरा किलो भरलं. रेडऑक्साइडचे दोन हात, वर काळा इनॅमल. डावा चेपलेला पत्रा आतून ठोकून जवळपास सरळ केला, दार आता घासत नाही.

काल सोळा क्रेट घेऊन पऱ्या चढलो. त्याच खडकावर डावी बाजू टेकली, मोठा आवाज झाला, गाडी पाइपवर घसरून पुढे निघाली. उतरून बघितलं तर पाइपचा रंग बोटभर गेलेला, पत्र्याला आणि पाइपला मधली फट होती तेवढीच. घरी येऊन पाना लावला. मागच्या पायाचा एक नट पाव फेरा फिरला, बाकी जागेवर.

पुठ्ठ्याचे साचे टाकले नाहीत. किंगच्या चासीचे आहेत, ब्रेकच्या नळीची खाचही त्यात आहे. लांजा-राजापूरकडे कोणाला हवे असतील तर इथेच लिहा, घेऊन जा.