मदत हवी आहे: एआयशी चाललेल्या लांबलचक चॅटचा माग कसा ठेवता?

एका अ‍ॅपच्या डेटाबेसची रचना मी एआय सहाय्यकाशी बोलत बोलत ठरवतेय. चॅट इतकं लांबलंय की कोणता निर्णय कुठे आणि का झाला, ते शोधताना जीव जातो. वर नाकारलेला पर्याय सहाय्यक नव्या उत्साहाने पुन्हा सुचवतो! कारण कळतं: कॉन्टेक्स्ट विंडो (सहाय्यकाला एका वेळी दिसणारा मजकूर) ठरावीक टोकनांची, म्हणजे शब्द-तुकड्यांची, असते, ती भरली की जुना मजकूर गळतो किंवा त्याचा सारांश होतो. विंडो भरलेली नसतानाही लांब मजकुराच्या मधल्या भागातलं बरंच काही मॉडेलकडून सुटू शकतं.

सध्या एक मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडणी केलेली टेक्स्ट) फाइल ठेवलीये. प्रत्येक निर्णयाला क्रमांक, तारीख, कारण आणि नाकारलेले पर्याय. निर्णय बदलला तरी जुनी नोंद पुसत नाही, 'नि-७ ने रद्द' (म्हणजे सातव्या निर्णयाने) असं लिहिते. फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणारं साधन) असते; नवं चॅट उघडलं की आधी तीच चिकटवते. चालतं, पण नोंदीसाठी सारखं थांबावं लागतं. सहाय्यकालाच सारांश करायला सांगितलं, तर 'काय ठरलं' नीट येतं, 'का' मात्र गुळगुळीत होतं. शिवाय नुसती चर्चेत आलेली गोष्टही तो ठरल्यासारखी लिहितो.

तुम्ही नवं चॅट कधी उघडता, विषय बदलला की लांबी वाढली की? नोंदीतून नेमक्या संदेशापर्यंत परत कसं पोहोचता? आणि जुना प्रश्न एडिट केल्यावर चॅटला फुटणाऱ्या फांद्यांचं (तिथून सुरू होणाऱ्या वेगळ्या संभाषणांचं) काय करता? सगळ्यात जास्त मी तिथेच अडकलेय.