भूतकथा लिहायला दिवे घालवावे लागतात का?

उंबरठा
दिवाळी अंकांसाठी कथा मागवायला सुरुवात झाली की आमच्या लिहित्या मंडळींत दरवर्षी एक साथ पसरते: वातावरणनिर्मिती. कुणी मेणबत्त्या आणतं, कुणी हेडफोनवर तीन तासांचा पाऊस लावतं. यंदा एकाने कळस केला. भयकथा लिहायची म्हणून ताम्हिणी घाटात बंगला भाड्याने घेतला. परत आला तो अडीच पानं घेऊन, आणि त्यात काय? वारा सुटतो, कुत्रं रडतं, दार करकरतं. एवढ्यासाठी पेट्रोल कशाला जाळायचं!

माझं मत सांगतो, मग तुटून पडा. वातावरण वाचकाला लागतं, लिहिणाऱ्याला नाही. भर दिवसा ट्यूबलाइटखाली, शेजारी कुकर शिट्ट्या मारत असताना ज्याला कागदावर भीती आणता येत नाही, त्याला अमावास्याही हात देणार नाही. रत्नाकर मतकरींनी वीसेक वर्षं बँकेत नोकरी केली, १९७८ पर्यंत. ती सांभाळून लिहीतच होते ना? कुठल्या पडक्या वाड्यात जाऊन बसले नव्हते.

कंदील
साफ असहमत. लेखक लाफ्कादिओ हर्न घ्या. १८९० मध्ये जपानला गेला आणि तिथलाच होऊन राहिला. त्याची बायको सेत्सु कोइझुमी हिने आठवणी लिहून ठेवल्या आहेत. उदास रात्री ती दिव्याची वात मुद्दाम बारीक करायची आणि त्याला जुन्या भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. पुस्तकात बघून वाचलेलं त्याला चालायचं नाही, तुझ्या शब्दांत सांग म्हणायचा. एखादा उद्गार मनात बसला की तोच पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. कुठल्या आवाजात म्हटला असेल, बाहेर रात्र कशी असेल, यावर दोघांची चर्चा. यातून त्याचा १९०४ चा जपानी भूतकथांचा संग्रह उभा राहिला. वात बारीक करणं हे नाटक असेल, तर फार उपयोगी पडलेलं नाटक आहे.

उंबरठा
कंदीलराव, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. त्या खोलीत सांगणारी सेत्सु, ऐकणारा हर्न. वात बारीक होते ती ऐकणाऱ्यासाठी! केंब्रिजचे एम. आर. जेम्स नाताळात मित्रांना स्वतःच्या भूतकथा वाचून दाखवायचे, तेव्हाही एक सोडून बाकी मेणबत्त्या विझवायचे, अशी त्यांच्या श्रोत्यांपैकी एकाची आठवण आहे. पण तेही वाचनाच्या वेळी. लिखाण बहुतेकदा ऐनवेळी घाईघाईत उरकलेलं असायचं. एरवी हा माणूस जुन्या हस्तलिखितांच्या सूच्या करत बसायचा. त्यांच्या कथांतली भीती कुठून येते? जुनी पुस्तकं, चर्चचे कागद, लिलावात घेतलेल्या वस्तू. म्हणजे रोजच्या कामातून.

सोनचाफा
आणि १८१६ चा जिनिव्हा? इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ मध्ये उद्रेक झाला, त्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. कवी बायरन, कवी शेली, त्याची मेरी, बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी, सगळे पावसामुळे तळ्याकाठच्या बंगल्यात अडकले. भुताच्या गोष्टी वाचल्या, मग बायरन म्हणाला प्रत्येकाने एकेक लिहू. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. तिने लिहिली 'फ्रँकेन्स्टाईन', पुढचं जगाला माहीत आहे. भाड्याच्या बंगल्याची एवढी टिंगल करू नका, एखाद्याला लागतो तो.

उंबरठा
सोनचाफा, हे उदाहरण येणार याची खात्रीच होती, त्यामुळे तयारीत बसलो होतो. मेरी शेलीने १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत काय लिहिलंय? रोज सकाळी तिला विचारायचे, सुचली का गोष्ट? आणि रोज शरमून नाही म्हणावं लागायचं. पाऊस होता, तळं होतं, विजा होत्या, बायरन होता. तरी पाटी कोरी. लेखणी हलली कधी, तर बायरन आणि शेली जीवाचं मूळ काय, मेलेल्यात पुन्हा प्राण घालता येईल का, यावर बोलत होते आणि ही ऐकत बसली होती तेव्हा. त्यानंतर अंथरुणावर पडल्यावर तिला ते दृश्य दिसलं. आणि तोच पाऊस अंगावर घेऊन बायरनने स्वतःची गोष्ट अर्धवट टाकली, तिच्या नवऱ्यानेही टाकली. (पॉलिडोरीने बायरनच्या त्याच तुकड्यावरून पुढे रक्तपिपासूची कथा केली, ते वेगळं.)

सोनचाफा
पण पाऊस नसता तर सगळे होडीत असते. मध्यरात्रीपर्यंत जीवाच्या मुळावर गप्पा मारायला कोण बसलं असतं? सुचवत नसेल पाऊस, घरात तरी बसवतो ना?

उंबरठा
हे मात्र मान्य. पण मग घाटातला बंगला कशाला? आमच्या गल्लीत जुलैत तुंबणारं पाणी तेवढं काम चोख करतं.

गावठाण
मालवणकडचा आहे, म्हणून बोलतो. शहरातली माणसं आमच्याकडे 'वातावरण' शोधत येतात तेव्हा गंमत वाटते. लाईट गेली, पागोळ्यांचा आवाज, मागच्या आगरात धप्पकन नारळ पडला की ह्यांच्या अंगावर काटा. आमची आजी त्याच आवाजावर सांगायची, कुठल्या माडाचा पडला ते, आणि सकाळी बरोब्बर त्याच्याच बुडाशी मिळायचा. रात्री बांधावरून येताना मागे काही वाजलं तर आम्हाला सांगितलेलं असतं, "भियाव नको, राखणदार आसा." राखणदार म्हणजे गावाची राखण करणारी अदृश्य शक्ती. ज्याला वर्षाचा मान देतात, तो वाटेत घाबरवेल कशाला?

तेव्हा अंधारात भीती असतेच असं नाही. अनोळखी माणसाला ती दिसते. आमच्यातला कुणी लिहील तर त्याची भीती वेगळी असेल: यंदा राखणदाराचा मान द्यायचा राहिला, मुंबईकर भावाने मनाई केली, आणि आता घरात दोघांत बोलणं नाही. हे लिहायला काळोख लागत नाही, गाव माहीत असावा लागतो.

रात्रपाळी
गावठाणदादा, ही कथा लिहा, नाहीतर मी पळवते.

मी एका हॉस्पिटलात नर्स आहे, लिहिते अधूनमधून. तिथे वातावरण फुकट मिळतं. पहाटे तीनच्या सुमारास लिफ्ट आपोआप हलते, तळमजल्यावर जाते, दार उघडतं, आत कुणी नाही. नवीन मुली किंचाळतात. लिफ्टवाल्याला विचारलं तर म्हणाला, बराच वेळ कुणी बोलावलं नाही की ती ठरवून दिलेल्या मजल्यावर जाऊन थांबते, तशी सेटिंगच असते. संपलं भूत. पण मला तिथेच कथा सापडली. कथेतल्या लिफ्टला ठरवून दिलेला मजला तळाचा आहे आणि ती थांबते तिसऱ्यावर. बस, एवढाच बदल.

ही कथा लिहिली सकाळी, घरी जाऊन झोप काढल्यावर. ड्युटीवर लिहायला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर भ्यालेल्या माणसाच्या हातून वाक्य धड येत नाही. 'अचानक' आणि 'भयाण' यांचा नुसता सडा पडतो. पण रात्र मी पाहिलीच नसती तर लिफ्टही माझी नव्हती. म्हणून उंबरठा, तुमचं निम्मंच पटतं.

कंदील
रात्रपाळीताई, ते निम्मं माझ्या खात्यात टाका. शिवाय शरीरावर जागेचा परिणाम होतो, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. विक टँडी नावाचा इंजिनिअर कॉव्हेंट्रीत एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथे लोकांना उगाच धास्ती वाटायची, त्याला स्वतःला डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना त्याने पाहिलं, शोध घेतला, तर नवीन बसवलेल्या पंख्यामुळे साधारण १९ हर्ट्‌झची, कानाला ऐकू न येणारी कंपनं खोलीत भरली होती. १९९८ मध्ये त्याने ते छापलं. आता म्हणा वातावरण थोतांड!

उंबरठा
एवढी झकास भुताची खोली मिळाली आणि बाबाने शोधनिबंध लिहिला! कथा नाही! माझा मुद्दा याहून चांगला मला मांडता आला नसता.

कंदील
शब्दात पकडू नका. ट्यूबलाइटखाली लिहिलेली एक कथा इथे टाका. आषाढ अमावास्येपर्यंत मुदत. घाबरलो तर मेणबत्त्या तुमच्या पत्त्यावर पाठवतो.

उंबरठा
मंजूर. अट एकच, वाचायची भर दुपारी बाराला, ऑफिसच्या कँटीनमध्ये. काळोखाची मदत मला नको.

गावठाण
भर दुपारी बाराला? अहो, ती तर त्यांचीच वेळ. त्या वेळेला आमच्याकडे पोरांना विहिरीवर जाऊ देत नाहीत.

रात्रपाळी
चालेल, त्या वेळेला मी झोपलेली असते. पण लिफ्टची कथा घेऊ नका, ती एका अंकाला देऊन टाकली आहे.