मदत हवी आहे: ‘बुडती हे जन’ की ‘बुडतां हे जन’?

आमच्या होडीच्या केबिनवर तुकोबांची ओळ होती. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, त्याआधी फळी नव्याने रंगवायची आहे. जुन्या फळीवर ‘बुड’ स्पष्ट दिसतं, पुढचं अक्षर नेमकं खाऱ्या वाऱ्याने खाल्लंय, मग ‘हे जन न देखवे डोळां’ आणि खाली ‘येतो कळवळा’.

घरातल्या गाथेचं ते पान वाळवीने गेलं. नेटवर दोन्ही रूपं सापडतात. आमच्या कीर्तनकार बुवांच्या तोंडी ‘बुडती’ आहे, पण त्यांनी ते पाठ केलंय, छापील पाहिलेलं नाही. माझ्या कानाला ‘बुडतां’ जास्त पटतं. ‘बुडती’ म्हणजे लोक बुडतात, एवढंच. ‘बुडतां’ म्हटलं की ते आत्ता, डोळ्यांसमोर बुडताना दिसतात.

बाबा ही ओळ शब्दशः घ्यायचे. दुसऱ्याची होडी अडचणीत दिसली की जाळं तसंच सोडून आधी तिकडे. मला हाच अर्थ प्रिय आहे. पण अभंग सुरू होतो ‘उपकारासाठीं बोलों हे उपाय’ असा, म्हणजे तुकोबा संसारात बुडणाऱ्यांना उपदेश का करतात ते सांगतायत.

फळी चार फुटांची आहे, दोन ओळींच्या वर मावत नाही. रंगारी मालवणातच आहे, मजकूर मी देईन तसाच काढेल.

कुणाकडे १९५० ची सरकारी गाथा किंवा शंकर पांडुरंग पंडितांची जुनी, इंदुप्रकाश छापखान्याची प्रत असेल तर त्या पानाचा फोटो टाकाल का? आणि ‘येतो कळवळा’ नंतरचा शेवटचा शब्द त्यात ‘म्हणउनि’ आहे की ‘म्हणोनि’?